तेरा शून्य पंचेचाळीस : पिकाचं मीठ, घरातलं नव्हे



पावसानं ओढ दिली की आमच्या गटांच्या बैठकीत बचतीचा हिशेब बाजूला राहतो आणि सोयाबीन-कपाशीचं बोलणं सुरू होतं. मग कुणीतरी म्हणतं, दुकानातून ‘तेरा शून्य पंचेचाळीस’ आणा आणि फवारा. आज त्याच खताबद्दल बोलू या. ते आणायला, कालवायला आणि घरात ठेवायला बहुतेक वेळा आपणच असतो, म्हणून त्याची नीट ओळख हवी.

या खताचं नाव पोटॅशियम नायट्रेट. जुन्या माणसांना विचारलंत तर ती ‘सोरा’ म्हणतील. पूर्वी बिहारमध्ये नोनिया समाजाचे लोक खारट माती खरवडून, तिचं पाणी गाळून आणि आटवून सोरा काढायचे. पाटण्याहून डच आणि इंग्रज व्यापारी तो जहाजं भरभरून युरोपात नेत. कशासाठी? बंदुकीच्या दारूसाठी. त्या दारूत साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक असतं. आजही फटाक्यांत सोरा लागतो, काचेच्या कारखान्यात लागतो. थंड पाण्यानं दात शिवशिवणाऱ्यांसाठी जी टूथपेस्ट मिळते, तिच्यातही पुष्कळदा तो थोड्या प्रमाणात असतो.

आता पिशवीवरचे आकडे पाहू. पहिला आकडा नत्राचा, दुसरा स्फुरदाचा, तिसरा पालाशचा. म्हणजे १०० किलोत १३ किलो नत्र, स्फुरद अजिबात नाही आणि ४५ किलो पालाश. पाऊस थांबला की पालाश कामाला येतं. पानावर डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात, त्यांतून पाणी उडून जातं. ती वेळेवर मिटायला पालाश मदत करतं आणि पीक ताण जरा जास्त दिवस सोसतं. कोकणात हापूसची फळं वाटाण्याएवढी, गोटीएवढी आणि अंड्याएवढी होतात तेव्हा याच खताची १ टक्का फवारणी करायला दापोलीचं कृषी विद्यापीठ सांगतं. फळगळ कमी व्हावी, फळ पोसावं म्हणून.

१ टक्का म्हणजे १० लिटर पाण्याला १०० ग्रॅम. १५ लिटरच्या पंपाला १५० ग्रॅम. हे मुठीनं मोजायचं नाही, कारण प्रत्येकीची मूठ वेगळी. एकदा काट्यावर तोलून घ्या आणि एका डब्यावर खूण करून ठेवा. तो डबा फक्त खताचाच. आधी बादलीत दोन-तीन लिटर पाण्यात खत पूर्ण विरघळवा, मग पंपात ओता. विरघळताना पाणी गार पडतं, घाबरू नका. हा या मिठाचा गुणच आहे. अकबराच्या काळी पिण्याचं पाणी थंड करायला सोरा वापरत, असं ‘आईन-इ-अकबरी’त नोंदलेलं आहे. फवारणी सकाळी किंवा उन्हं उतरल्यावर करा. जास्त टाकलं तर जास्त फायदा होत नाही, उलट पानांच्या कडा करपतात.

आणि एक हिशेब लक्षात ठेवा. १५० ग्रॅम खतात नत्र जेमतेम २० ग्रॅम आणि पालाश ६७ ग्रॅम. म्हणजे ही फवारणी पिकाला तात्पुरता आधार देते. पेरणीच्या वेळी द्यायच्या खताची जागा ती घेत नाही, पावसाचीही नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे खत दिसायला अगदी मिठासारखं आहे. दर हंगामात गटात एक सूचना येते : २५ किलोची गोणी घेऊ, स्वस्त पडेल, वाटून घेऊ. आम्ही यावर बोलून ठरवलं आहे की गट १ किलोची बंद पाकिटंच घेईल. चार पैसे जास्त गेले तरी चालतील. सुटं खत म्हणजे बिननावाची पुडी. ती आज कोनाड्यात, उद्या मिठाच्या बरणीशेजारी आणि परवा सुनेच्या नाहीतर लेकराच्या हातात. हे पोटात गेलं तर उलट्या होतात, चक्कर येते. प्रमाण जास्त असेल तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते आणि ओठ, नखं निळी पडतात. असं झालं तर घरगुती उपाय करत बसू नका. पाकीट सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

जनावरांना तर धोका आणखी जास्त. शेळी-गाय खारट चव शोधतच असते. तिनं पिशवी चाटली किंवा खत कालवलेल्या बादलीतलं पाणी प्यायली, तर पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि जनावर काही तासांत दगावू शकतं. म्हणून बादली वेगळी ठेवा, रिकामी पिशवी गोठ्याकडे नेऊ नका आणि पंप विहिरीच्या किंवा हापशाच्या कडेला धुऊ नका. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावं, असं आपल्या देशाचं मानक आहे. वरचं दूध पाण्यात कालवून पिणाऱ्या तान्ह्या बाळाला अशा पाण्याचा त्रास सगळ्यात आधी होतो. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटलं की ते दाट होतं.

राहता राहिली आग. सोरा स्वतः पेटत नाही, पण पेटलेल्याला प्राणवायू पुरवतो. आपल्या खोपटात एका कोपऱ्यात हे खत, दुसऱ्या कोपऱ्यात फवारणीचं गंधक, मधे कोळशाचं पोतं आणि वर कडबा, असं चित्र असेल तर आजच ते हलवा. चूल, डिझेल आणि भुसा यांपासूनही हे खत लांब आणि कोरड्या जागी हवं. त्याला आगीची झळ लागलीच तर गोणपाट टाकून आग दबत नाही, कारण प्राणवायू आतूनच मिळतो. लांबून भरपूर पाणीच मारावं लागतं.

तर मैत्रिणींनो, या आठवड्याच्या बैठकीत प्रत्येकीनं एवढंच सांगायचं : माझ्या घरात खत कुठं आहे आणि त्यावर नाव आहे का. नाव नसलेलं पांढरं काहीही स्वयंपाकघरात ठेवायचं नाही, हा नियम बचतीच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा.