निवेदन वेगळे, पत्रक वेगळे
(जिल्हा कार्यकर्ता बैठकीतील भाषण)



आज कापसाच्या भावाबद्दल बोलायचे आहे, पण जरा वेगळ्या अंगाने. भावाबद्दल आपण कागदावर जे लिहितो त्याबद्दल. गावात वाटायचे पत्रक आणि कलेक्टर कचेरीत किंवा दिल्लीच्या कृषी मूल्य आयोगाला द्यायचे निवेदन, दोन्ही आपण एकाच शाईने लिहितो. घाम, रक्त, सरकारचा निषेध, सगळे दोन्हीकडे सारखे. बदलतो तो फक्त मायना. मग साहेब पोच देतो आणि कागद फाईलला लागतो.

पत्रक वाचणाऱ्याला दुखणे ठाऊक असते. त्याला उठवायचे असते. निवेदन वाचणाऱ्याला आपले म्हणणेच मान्य नसते, आणि त्याच्याजवळ त्याचा हिशेब तयार असतो. तो हिशेब आपल्या कागदावर आला नाही, तर त्याने आपले का वाचावे?

हा भेद जोतीराव फुल्यांना पक्का ठाऊक होता. १८८२ साली हंटर यांच्या शिक्षण आयोगापुढे त्यांनी निवेदन दिले, तेही इंग्रजीत. सरकारचा महसूल येतो रयतेच्या कष्टातून आणि शिक्षणावरचा खर्च जातो वरच्या वर्गांकडे, हा मुद्दा. वरच्यांना शिकवले की विद्या खाली झिरपते, असे तेव्हा सरकारात मानत. फुल्यांनी ते मत घेतले आणि विचारले, झिरपली कुठे? मग मागणी केली: बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. शिक्षक होता होईल तो शेतकरी वर्गातले घ्या. पगार बारा रुपयांपेक्षा कमी नको. मोडी, बालबोध, हिशेब आणि थोडे शेतीचे ज्ञान शिकवा. यातले काहीही साहेबाला उद्या करता येण्यासारखे होते.

पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, त्याच माणसाने ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. दुखणे तेच, पण भाषा पाहा. शेतकऱ्याचे घर, कपडालत्ता, भाकरी सगळे डोळ्यांपुढे उभे राहते आणि शब्दांना धार येते. तो त्यांनी गावोगाव लोकांना वाचून दाखवला. धार इतकी की ‘दीनबंधू’ने दोन प्रकरणे छापली आणि पुढची छापायचे थांबवले. आपल्याच माणसांचे पत्र होते बरे का ते!

आता आपला कापूस. २०२५-२६ साठी सरकारने मध्यम धाग्याच्या कापसाचा खर्च धरला क्विंटलला ५१४० रुपये आणि हमीभाव दिला ७७१०. बरोबर दीडपट. संकरित ज्वारीचा खर्च २४६६, भाव ३६९९. पुन्हा दीडपट. ‘दीडपट भाव द्या’ एवढेच लिहिले तर साहेब म्हणणार, दिला की!

म्हणून निवेदनात पहिल्या ओळीत त्याचा आकडा लिहा. गुणाकार बरोबर आहे, हेही लिहा. मग विचारा, खर्च कोणता धरला? तर ए-२ अधिक एफ-एल. म्हणजे हातून गेलेला पैसा आणि घरच्या माणसांची मजुरी. आपण मागतो सी-२, ज्यात स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याजही येते. साहेब म्हणेल, घरची जमीन, तिचा कसला खंड? इथे खरी गाठ आहे. मी शेजाऱ्याचे पाच एकर मक्त्याने केले तर दिलेला मक्ता त्याच्याच ए-२ मध्ये धरला जातो. बांधाच्या अलीकडचे माझे पाच एकर केले तर शून्य. माती तीच, पऱ्हाटी तीच. मग खर्च बदलतो कसा? याचे उत्तर त्याला द्यावे लागेल. घामाबद्दल लिहिले तर तो फक्त मान हलवील.

दुसरा मुद्दा कोरडवाहूचा. ५१४० ही देशभराची सरासरी आहे. समजा, एकरी खर्च तीस हजार. आठ क्विंटल पिकले तर क्विंटलला ३७५० पडतात, चार पिकले तर ७५००. (चार क्विंटलला वेचणी कमी लागते. ते आपणच आधी लिहावे, नाहीतर तो लिहील.)

पण हेच सी-२ गावच्या पत्रकात घालू नका. नवऱ्यामागे शेत सांभाळणाऱ्या बाईला पोराची फी, दुकानदाराची उधारी आणि जिनिंगवर ओलावा मोजताना होणारी घासाघीस लिहून दाखवा. मोर्च्याची तारीख मोठ्या अक्षरात, आणि आकडा एकच. मात्र तो खरा हवा. पत्रकात वाढवून लिहिलेला आकडा साहेबाच्या टेबलावरही पोचतो, आणि मग निवेदनातला खरा आकडाही तो खोटा धरतो.

जेवणानंतर तालुकावार बसू. प्रत्येकाने आपल्या एका एकराचा नांगरणीपासून वेचणीपर्यंतचा खर्च, उतारा आणि गावात चालू असलेला मक्ता लिहून द्यायचा. ज्वारीवाल्यांनी कडब्याचे पैसेही लिहा, लपवू नका. निवेदन त्यावरून आज रात्री तयार करू, पत्रक उद्या.