पाळकांनी साक्ष द्यावी
(ख्रिस्ती पाळकांच्या परिषदेत केलेले भाषण)



ख्रिस्ती नसलेल्या माणसास आपण या व्यासपीठावर बोलाविले, याबद्दल आम्ही आपले आभारी आहो. नुसती स्तुती ऐकावयाची असती तर तसे बोलणारे पुष्कळ मिळाले असते. सत्यशोधक मताच्या माणसास आपण बोलाविले, तेव्हा आपणांस खरे ऐकावयाचे आहे असे आम्ही धरून चालतो.

प्रथम ऋणाची गोष्ट. जोतीराव फुले १८४१ साली पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत जाऊ लागले. पुढे त्यांनी अहमदनगरास अमेरिकन मिशनच्या फॅरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहिल्या, आणि १८४८ साली पुण्यात आपली मुलींची शाळा काढली. शिकविण्याचे शिक्षण सावित्रीबाईंनीही फॅरारबाईंकडेच घेतले. शूद्रातिशूद्रांच्या हाती पाटी देणे ज्या काळी धर्मबुडवेपणा समजला जात होता, त्या काळी ती पाटी आपल्या पूर्वसुरींनी दिली. हे ऋण बहुजन समाज विसरलेला नाही.

परंतु जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत, हेही तितकेच खरे. विरोधकांनी त्यांस मिशनऱ्यांचे हस्तक म्हणून हिणविले, तरी ते आपल्या वाटेने गेले. १८७३ साली त्यांनी सत्यशोधक समाज स्थापिला, तो निर्मिक आणि मनुष्य यांच्यामध्ये दलाल नको एवढ्या एका मोठ्या तत्त्वावर. धर्म ज्याने त्याने पसंतीने घ्यावा, एका घरात निरनिराळ्या धर्मांची माणसे प्रेमाने नांदावी, असे त्यांचे मत होते. म्हणून कोणी बाप्तिस्मा घेतला तर आम्हांस त्याचे दुःख नाही, आणि घेतला नाही तर आनंदही नाही. आम्ही एवढेच विचारतो की, त्या माणसाच्या मानेवरचे जू उतरले काय? भटजीस आम्ही हा प्रश्न विचारतो, तोच आज पाळकांस विचारीत आहो.

आपल्या शुभवर्तमानात शोमरोनी स्त्रीची गोष्ट आहे. यहूदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत. तरी येशूने विहिरीवर तिच्यापाशी पाणी मागितले, आणि तीच नवल करू लागली. ज्या देशात जोतीरावांस १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस मोकळा करावा लागला, आणि १९२७ साली महाडच्या तळ्याचे पाणी पिण्यासाठी बाबासाहेब आंबेडकरांस सत्याग्रह करावा लागला, त्या देशात या गोष्टीचा अर्थ फोड करून सांगावयास नको. असा गुरू ज्यांचा, त्यांच्या देवळात जात शिरू नये. पण ती शिरली.

कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ साली हुकूम काढला की, चर्चमधील जातिभेद तत्काळ आणि कायमचा टाकावा. तेव्हा तंजावर व मद्रासकडील कित्येक ख्रिस्ती कुटुंबांनी जात सोडली नाही, देऊळ सोडले! तिरुनेलवेलीकडील वडक्कनकुळम गावी वेल्लाळ आणि नाडार ख्रिस्त्यांस एकाच देवळात वेगवेगळे बसविण्यासाठी मध्ये भिंत होती. ती १९१० साली पाडली गेली, तर त्यावरून कोर्टकचेरी झाली. गोमंतकात बामण, चारडी, सुदीर हे भेद बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुतले गेले नाहीत. चर्चमधील मानपानांपर्यंत ते पोहोचले. १९३८ साली सोलापुरात ख्रिस्ती बांधवांपुढे बोलताना बाबासाहेबांनी दक्षिणेकडील चर्चमधील जातिभेदावर बोट ठेवले होते. तेव्हा आम्ही आज काही नवे सांगत नाही.

आपण म्हणाल, हे जुने झाले. आता आमच्यात जात नाही. ठीक आहे. मग तीन वह्या उघडून पाहा. लग्नाची वही उघडा: महार घराण्यातून आलेल्या आणि ब्राह्मण घराण्यातून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत किती सोयरिकी झाल्या? महार आणि मांग घराण्यांत तरी किती झाल्या? दफनाची वही उघडा: कोण कोठे पुरला गेला? पंचकमिटीच्या सभांची वही उघडा: जमिनी, शाळा, इमारती यांचा कारभार कोणत्या घराण्यांच्या हाती राहिला? जात नाही असे या तिन्ही वह्या म्हणतील, तर आम्ही आपल्या पाया पडू. नाही म्हणतील, तर प्रवचनातील समतेस किंमत उरत नाही.

आता कायद्याकडे वळू, कारण गरीब ख्रिस्त्याची खरी कोंडी तेथे आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेविला. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेर राहिले. मद्रासेत रस्त्याच्या कडेला जोडे शिवणारा एक आदि-द्रविड होता. सरकारने त्या धंद्यातील अनुसूचित जातीच्या लोकांस फुकट टपऱ्या दिल्या, त्यास मात्र ख्रिस्ती म्हणून दिली नाही. आरी तीच, जोडा तोच, रस्त्यावरची धूळ तीच. फक्त देव निराळा! तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८५ साली न्यायालयाने सांगितले की, धर्मांतरानंतर जात टिकते एवढे दाखवून भागणार नाही. त्या जातीमुळे होणारा जाच नव्या धर्मसमाजातही तितक्याच तीव्रतेने टिकतो, हे सिद्ध करा. तसा पुरावा पुढे आला नाही आणि तो हरला. २०२५ साली आंध्र प्रदेशच्या उच्च न्यायालयाने तर एका पाळकाच्याच प्रकरणात निर्णय दिला की, धर्मांतरित ख्रिस्त्यास अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा आधार घेता येणार नाही.

बंधूंनो, येथे आपली जबाबदारी येते. सरकार म्हणते, ख्रिस्ती धर्मात जात नाही, म्हणून सवलत नाही. आपणही लाजेपोटी तेच म्हणता. दोघांच्या या एकमतात चिरडला जातो तो गावकुसाबाहेरचा ख्रिस्ती. गाव त्यास महार-मांगच समजते, सरकार त्यास ख्रिस्ती समजते आणि मंडळी त्यास मागच्या बाकावर बसविते. मग तो कागदावर एक धर्म लिहितो आणि रविवारी दुसरा पाळतो. त्यास आपण दुबळ्या विश्वासाचा म्हणता. आम्ही म्हणतो, त्याच्या लेकराच्या फीची सोय नाही; त्याचा विश्वास मोजण्याचा अधिकार भरल्या पोटाच्या माणसास नाही.

कोणी म्हणेल, हे उघड बोलले तर धर्माचे शत्रू टाळ्या पिटतील. पिटू द्या! ब्राह्मणेतर म्हणविणाऱ्या जातींतही हाच रोग आहे. ब्राह्मणाच्या नावाने खडे फोडणारा मराठा मांगाशी सोयरीक करीत नाही, हे आम्ही आमच्या सभांतून बोलतो. रोग लपविल्याने वैद्य फसतो, रोग फसत नाही. कॅथॉलिक धर्माध्यक्षांच्या परिषदेने २०१६ साली दलितांविषयीचे धोरण प्रसिद्ध करताना चर्चमध्ये हा भेद आहे हे कबूल केलेच आहे. वरच्यांनी कबूल केले. आता गावोगावच्या पाळकांनी केले पाहिजे.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आहेत. प्रत्येक पाळकाने आपल्या मंडळीतील त्या तीन वह्या तपासून जे दिसेल ते लिहून काढावे. धर्मांतरित दलितांस अनुसूचित जातीचा दर्जा द्यावा काय, याचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ साली माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला. अशा चौकशीपुढे आणि न्यायालयापुढे ती माहिती ठेवावी, म्हणजे पुरावा नाही म्हणून पुन्हा कोणा जोडे शिवणाऱ्याचा दावा फेटाळला जाणार नाही. दफनभूमीत कोठे भिंत, कुंपण वा वेगळा कोपरा असेल, तर तो पाळकाने स्वतः उभे राहून काढवावा. आणि जातीबाहेरचे लग्न लावण्यास कोणी आडवा आला, तर पाळकाने वधूवरांच्या बाजूस उभे राहावे, श्रीमंत पंचांच्या नव्हे.

हे केल्याने काही घराणी आपणांवर रागावतील, वर्गणी कमी होईल, कदाचित बदलीही होईल. पण मंडळीस जे रुचेल तेच सांगून दक्षिणा घेणारा भटजी आम्ही पुष्कळ पाहिला आहे. त्याचा झगा पांढरा केल्याने तो पाळक होत नाही. मेंढराची लोकर कातरणारे सर्वच असतात. लांडगा आला असता जो पुढे होतो त्यास पाळक म्हणतात. तो लांडगा देवळाच्या आत आहे. त्याचे नाव जात. ते नाव आपण मोठ्याने घ्यावे, एवढेच आमचे आपणांस सांगणे आहे.