कल्पनेतल्या यानाचा जमाखर्च



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर लागला, त्याच दिवशी आमच्या एका शेजाऱ्यांनी आम्हांला जिन्यात गाठले. म्हणाले, "अहो, अंतराळयानावर बोला, आम्ही येऊ. पण खेळातले अंतराळयान? तेही कागदावरचे? मुलुंडच्या भर उन्हाळ्यात माणसांनी घराबाहेर पडावे, असे त्यात आहे तरी काय?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर जिन्यात देणे आम्हांला जमले नाही. ते आज येथे द्यावे, एवढ्याच हेतूने आम्ही उभे आहोत.

प्रथम हा खेळ कोणता ते सांगितले पाहिजे. गेल्या पावसाळ्यात दर शनिवारी आमच्या बैठकीच्या खोलीत आमचा पुतण्या आणि त्याचे कॉलेजातले सोबती जमत. त्यांच्यापुढे पट नसे, सोंगट्या नसत. कागद, पेन्सिली आणि फासे एवढेच साहित्य. एकजण सूत्रधार होई. बाकीचे एकेक भूमिका घेत : कोणी कप्तान, कोणी यंत्रज्ञ, कोणी वैद्य. सूत्रधाराने प्रसंग सांगायचा, पात्रांनी आपण काय करतो ते सांगायचे, आणि जिथे यशाची खात्री नाही तिथे फासे टाकायचे. मुले याला 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात. आपण भूमिकांचा खेळ म्हणू. अमेरिकेत १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने तो प्रथम छापून विक्रीस आला. त्यात तलवारी होत्या आणि जादू होती. पुढे १९७७ साली 'ट्रॅव्हलर' नावाचा खेळ निघाला, आणि त्यात अंतराळयाने आली.

आमच्या मुलांनी आपले पहिले यान स्वतःच्या बुद्धीने रचले. ते क्षणात कोठेही जाई. त्याचे इंधन कधी संपत नसे, आणि त्याच्या कवचाला कशानेही ओरखडा पडत नसे. पहिल्या शनिवारी आरडाओरडा फार झाला. दुसऱ्या शनिवारी जांभया सुरू झाल्या. तिसऱ्या शनिवारी सूत्रधार झालेली मुलगी हताश होऊन म्हणाली, "यांच्यावर संकट आणू तरी कुठले? यांना काही होतच नाही!" तिचे म्हणणे खरे होते. ज्या यानाला काहीच अशक्य नाही, त्यात बसलेल्या माणसाला निवड करावी लागत नाही. आणि जिथे निवड नाही तिथे गोष्टही नाही.

आमची हयात आकडेमोडीत गेली, म्हणून मुले आमच्याकडे आली. आम्ही त्यांना सांगितले की थाप मारायला हरकत नाही, पण ती एकच मारा. तिच्या अटी आधी लिहून ठेवा. आणि त्यापुढचा सगळा जमाखर्च खरा मांडा.

एक तरी थाप का लागते? १९७७ साली निघालेले 'व्हॉयेजर-१' सूर्यापासून सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने दूर चालले आहे. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. या वेगाने तेवढे अंतर तोडायला सुमारे ७५ हजार वर्षे लागतील. शनिवारच्या संध्याकाळी इतका अवधी कोणाला आहे? तेव्हा ताऱ्याताऱ्यांतून हिंडायचे तर कोठेतरी निसर्गनियमाला बगल द्यावीच लागते.

'ट्रॅव्हलर'च्या कर्त्यांनी ही बगल कशी दिली ते पाहण्यासारखे आहे. त्यांचे यान प्रकाशाहून जलद 'उडी' घेते, ही थाप. पण अटी पाहा. उडी लहान असो वा मोठी, तिला सुमारे एक आठवडा लागतोच. उडीच्या टप्प्यागणिक यानाच्या एकूण आकारमानाचा दहावा हिस्सा हायड्रोजन जळतो. आणि यानाहून जलद कोणताही संदेश जात नाही. त्यांनी यान मोजण्याचे मापही असेच हिशेबी घेतले आहे. एक टन द्रव हायड्रोजन जेवढी जागा व्यापतो, सुमारे १४ घनमीटर, तेवढा त्यांचा 'टन'. आपल्या उपनगरवासीयांच्या भाषेत सांगायचे तर दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच अशी खोली म्हणजे दोन टन. त्यांचे साधे व्यापारी यान २०० टनांचे, म्हणजे शंभर खोल्यांची चाळ! त्यांपैकी १५ खोल्या इंधनाच्या. ४१ खोल्या मालाच्या. माणसांच्या दहा बिऱ्हाडांना, वाटा आणि स्वयंपाकघर धरून, २० खोल्या. उरलेल्यांत यंत्रे आणि इतर सामान. अशी चाळ डोळ्यांपुढे आली की यान खोटे आहे हे आपण विसरतो आणि पाहुण्याला कोठे झोपवायचे याची चिंता करू लागतो.

अटीतून कथा कशी निघते तेही पाहा. संदेश यानाहून जलद जात नाही, म्हणजे दूरच्या कप्तानाला मालकाचा हुकूम विचारता येत नाही. त्याचे त्यालाच ठरवावे लागते. १८७० साली मुंबई ते सुवेझ समुद्रातली तार पडली. त्यापूर्वी जहाजाच्या टपालाची वाट पाहणाऱ्या मुंबईकर पेढीवाल्याची स्थिती याहून फार निराळी नसावी. एका नियमामुळे त्या काल्पनिक जगाला टपाल आले, अफवा आल्या, जोखीम आली आणि स्वतःच्या जबाबदारीवर वागणारी माणसे आली.

आता खऱ्या जमाखर्चाकडे वळू. साध्या अग्निबाणातून हायड्रोजन-ऑक्सिजनचा झोत सेकंदाला सुमारे साडेचार किलोमीटर वेगाने बाहेर पडतो. यानाला ९ किलोमीटरचा वेग द्यायचा तर निघतानाचे वजन पोचतानाच्या वजनाच्या जवळजवळ साडेसातपट लागते. १८ किलोमीटरचा द्यायचा तर पंधरापट पुरत नाही, पंचावन्नपट लागते. कारण इंधन वाहून नेण्यासाठीही इंधन जळते. रशियाच्या त्सिओल्कोव्हस्की यांनी हे गणित १९०३ साली प्रसिद्ध केले. ज्याने सावकाराचे चक्रवाढ व्याज भरले आहे, त्याला ते निराळे शिकवायला नको.

मुलांना यानात जमिनीसारखे चालायचे होते. आम्ही म्हटले, यान गरगर फिरवा. पण मिनिटाला दोनच फेरे घ्यायचे आणि पृथ्वीइतके वजन भासायला हवे, तर चाकाचा व्यास सुमारे साडेचारशे मीटर हवा. चाक लहान केले तर फेरे वाढतात आणि माणसांना भोवळ येते. मुलांनी विचार करून वजनावरच पाणी सोडले!

सर्वांत गंमत उष्णतेची. अंतराळ थंड, म्हणून यान आपोआप थंड राहील, असे आपल्याला वाटते. वास्तविक तेथे वारा नाही, पाणी नाही. उष्णता न्यायला कोणी नाही. ती केवळ प्रारणाने बाहेर टाकावी लागते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला यासाठी मोठाले फलक जोडलेले आहेत आणि त्यांतून अमोनिया खेळवला जातो. मुलांच्या यंत्रातून हजार किलोवॅट टाकाऊ उष्णता निघणार होती. आपल्या खोलीच्या तापमानाला ती बाहेर टाकायची तर दोन्ही बाजूंनी प्रारण करणारा सुमारे अकराशे चौरस मीटरांचा फलक लागतो, म्हणजे पाव एकराहून थोडा अधिक. मुलांनी निमूटपणे यानाला पंख काढले. आणि त्याच पंखांनी पुढे त्यांना खेळ दिला.

एका शनिवारी सूत्रधार मुलीने उल्कांचा मारा केला आणि निम्मे फलक फुटले. पाण्याचे शुद्धीकरण यंत्रही गेले. यानाला वेग कमी करण्यासाठी पाच तास यंत्र पूर्ण जोराने चालवणे भाग होते. निम्मी उष्णता, पाचशे किलोवॅट, आता जाणार कोठे? वैद्याची भूमिका करणाऱ्या मुलाला सुचले की पाण्याची वाफ करून बाहेर सोडावी. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे २३ लाख ज्यूल उष्णता घेऊन जाते. हिशेब केला तर मिनिटाला १३ लिटर, पाच तासांत ३,९०० लिटर. टाकीत पाणी होते ४,००० लिटर. उरले शंभर. माणसे आठ, माणशी दिवसाला तीन लिटर, म्हणजे चार दिवसांचे पाणी. आणि मदतीचे ठाणे होते सहा दिवसांवर.

श्रोतेहो, त्या वेळी आमच्या खोलीत जी शांतता पसरली, तशी परीक्षेच्या मांडवातही आम्ही अनुभवलेली नाही. कोणी फासे उचलले नाहीत. सहा डोकी एका कागदावर वाकली. अखेर सर्वांत अबोल मुलगी म्हणाली, "यान हलके केले तर लवकर थांबेल ना?" कर्ज काढून घेतलेल्या मालापैकी यानाच्या वजनाच्या तिसाव्या हिश्श्याइतका माल त्यांनी बाहेर ढकलला. यंत्र दहा मिनिटे कमी चालले आणि १३० लिटर पाणी वाचले. आता पाणी साडेनऊ दिवसांचे झाले. जीव वाचले, व्यापार बुडाला. पुढचे चार शनिवार ती मुले काल्पनिक सावकाराला तोंड चुकवीत हिंडत होती, आणि कोणालाही जांभई आली नाही.

हा निव्वळ पोरखेळ, असे कोणास वाटेल. पण आपल्या मुलुंडापासून जवळच, पवईच्या आय.आय.टी.त, विद्यार्थ्यांनी 'प्रथम' नावाचा उपग्रह बांधला. वजन अवघे दहा किलोंच्या आसपास. २६ सप्टेंबर २०१६ रोजी तो श्रीहरिकोट्याहून अवकाशात गेला. त्यांचे यान खरे होते, आमच्या मुलांचे खोटे. पण वजन किती, वीज किती, ऊन किती लागेल, हा जमाखर्च दोघांनाही चुकला नाही. आणि मराठी कथेलाही ही शिस्त नवी नाही. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णु नारळीकर. आपली आद्याक्षरे उलटी करून त्यांनी ते नाव घेतले होते. २०२५ साली ते आपल्यातून गेले. कल्पनेला विज्ञानाचा हिशेब चुकवू न देता मराठीत गोष्ट सांगता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

आता शेजाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर. जानेवारी २०१५ मध्ये येथून फार दूर नाही अशा कालिन्याला, मुंबई विद्यापीठाच्या आवारात, भारतीय विज्ञान काँग्रेसचे १०२ वे अधिवेशन भरले होते. तेथील एका व्याख्यानात प्राचीन भारतातील विमाने ग्रहाग्रहांवर जात असत, असे सांगण्यात आले. आधाराला होता 'वैमानिक शास्त्र' हा ग्रंथ. या ग्रंथाची परीक्षा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी १९७४ सालीच केली होती. त्यांनी त्या ग्रंथाची टवाळी केली नाही. त्यात दिलेली मापे आणि आकृती घेतल्या, वजन आणि उचल यांचा मेळ घातला, भाषा तपासली. ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभापूर्वीचा नाही, आणि त्यातले एकही विमान उडण्याजोगे नाही, असा त्यांचा निष्कर्ष निघाला.

त्या पाच विद्वानांनी जे केले, तेच आमच्या खोलीतली मुले दर शनिवारी करीत होती : इंधन कोठून येते? उष्णता कोठे जाते? वजन कोण उचलते? फरक एवढाच की मुलांना आपली थाप कोठे आहे हे ठाऊक होते. ती त्यांनी कागदाच्या माथ्यावर लिहून ठेवली होती. पूर्वजांविषयी आम्हांला अभिमान नाही असे नाही. ज्यांनी शून्याचा हिशेब शिकविला, त्यांच्या नावावर हिशेबाबाहेरची विमाने खपविणे हा त्यांचाच उपमर्द आहे, असे आम्हांला वाटते.

परवा आमच्या पुतण्याला कोणीतरी पाण्यावर चालणाऱ्या मोटारगाडीची चित्रफीत पाठविली. त्याने ती पुरती पाहिली आणि विचारले, "काका, पाणी म्हणजे हायड्रोजन आधीच जळून गेलेला. मग यांची थाप नेमकी कोणत्या ओळीत आहे?" आम्ही उत्तर दिले नाही, त्याच्यापुढे कागद आणि पेन्सिल सरकवली. तुमच्या घरी शनिवारी मुले फासे घेऊन बसली आणि यान रचू लागली, तर त्यांना उठवू नका. टाकीत पाणी किती आहे, एवढे मात्र अवश्य विचारा.