कागदावरचें गिऱ्हाईक

अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या कार्यशाळेंत, धुळीनें माखलेल्या ताडपत्रीखालीं, उघड्या चाकांची एक बुटकी एकासनी मोटार पुष्कळदां आढळते. तिच्यासाठीं एके काळीं वीस-पंचवीस मुलांनीं रात्री जागून काढलेल्या असतात. तीं मुलें पदवी घेऊन निघून गेलीं. मागून आलेल्यांना स्वतःची नवी गाडी बांधावयाची आहे. जुनी तशीच पडून आहे. अशी मोटार विकत घेऊन सुटीच्या दिवशीं शंकूंनीं आखलेल्या वळणावळणाच्या मार्गावर घड्याळाशीं शर्यत खेळावी, असा बेत छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या हौशी गृहस्थानें केला, तर त्यांत नवल नाहीं.

या बेतांत एक मौजहि आहे. 'फॉर्म्युला एसएई' ही विद्यार्थ्यांची स्पर्धा अमेरिकेंत १९८१ सालीं सुरू झाली. तिच्या नियमांत दीर्घकाळ अशी कल्पना मांडलेली असे कीं, एका काल्पनिक कारखान्यानें मुलांना लहानशा मोटारीचा नमुना करावयास सांगितलें आहे, आणि तिचें गिऱ्हाईक म्हणजे सुटीच्या दिवशीं शर्यत खेळणारा हौशी चालक. भारतांत याच धर्तीवरची 'सुप्रा' स्पर्धा २०११ सालीं सुरू झाली. कागदावरचें तें गिऱ्हाईक आतां खरोखरीच दारांत उभें राहिलें, एवढेंच.

परंतु मुलांनीं गाडी बांधली ती त्या गिऱ्हाइकासाठीं नव्हे, परीक्षकांसाठीं. एकंदर १००० गुणांपैकीं ३२५ गुण आराखडा, खर्चाचा हिशेब व निवेदन यांना असत. धावण्याच्या कसोट्यांत सर्वांत मोठी २७५ गुणांची, आणि तीहि सुमारें २२ किलोमीटरांची. तेवढें अंतर गाडी न मोडतां धावली कीं तिचें जन्माचें सार्थक झालें! म्हणून वजन जेथें जेथें वांचवितां आलें तेथें तेथें तें वांचविलेलें असतें. ही गाडी वर्षानुवर्षें चालविणाऱ्याला नेमका हाच धोका आहे.

या शहरांत अशा कामाला साधनांची वाण नाहीं. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ सालीं सुरू झाला, शेंद्र्याला स्कोडाचा २००१ सालीं. त्यांच्या आसऱ्यानें लेथवर सुटे भाग कातणारीं लहान कारखानदारांचीं दुकानें उभीं राहिलीं. एखादा आंस, एखादें साखळीचक्र येथें सहज करून मिळतें. पण ही सोयच कधीं कधीं घात करते. नळ्यांच्या सांगाड्यावर तडा दिसला कीं वर वेल्डिंगचा एक थर चढवून रंग मारण्याचा मोह होतो. तसें करूं नये. आधीं सगळा रंग खरवडून प्रत्येक सांधा उघडा करावा. तड्यांत शिरणारा तांबडा रंग लावून पुसावा, आणि वर पांढरी भुकटी फवारून कोठें तांबडी रेघ उमटते तें पाहावें. चाकांचे दांडे जेथें सांगाड्याला जोडलेले असतात तेथें आणि सुकाणूच्या गोलाकार सांध्यांत ढिलाई असल्यास ते सांधे बदललेच पाहिजेत. आसनपट्ट्या उन्हानें कुजतात. त्या चांगल्या दिसल्या तरी त्यांच्यावर छापलेली मुदत संपली असेल, तर त्या फेकून द्याव्या. सगळा खर्च वांचवावा, पण हा नव्हे.

इंजिन बहुधा मोटारसायकलचें असतें. चाकणला होणाऱ्या केटीएमचें ३७३ घनसेंटिमीटरांचें इंजिन अनेक भारतीय संघांनीं वापरलें आहे. स्पर्धेच्या नियमानें पेट्रोलच्या इंजिनाला लागणारी सर्व हवा २० मिलिमीटर व्यासाच्या गळ्यांतून ओढावी लागते. हौशी चालकावर तें बंधन नाहीं. गळा काढला कीं शक्ति वाढते. मात्र त्याबरोबर इंधनाचें प्रमाण ठरविणारा नकाशाहि बदलावा लागतो. नाहीं तर हवा जास्त, पेट्रोल कमी, अशा मिश्रणानें इंजिन तापून दट्ट्या वितळावयास वेळ लागत नाहीं. मराठवाड्याच्या धुळींत हवेची गाळणी चांगली हवी, हें निराळें सांगावयास नको.

खरी अडचण मैदानाची आहे. 'ऑटोक्रॉस' हा शब्द एकच, पण अमेरिकेंत ती शर्यत डांबरावर शंकूंमधून होते, इंग्लंडांत गवतावर, आणि भारतांत बहुधा मातीच्या मार्गावर. ज्या गाडीचें पोट जमिनीपासून चारच बोटें वर आणि ज्या चाकांना जेमतेम दोन-अडीच इंच वर-खालीं हलतां येतें, ती मातीवर नेणें हा तिचा छळ होय. दांडे लांबवून ती उंच करतां येईल. पण मग तिची वळणावरची चपळाई, जिच्यासाठीं ती घ्यावयाची, तीच जाते. मातीवरच खेळावयाचें असेल, तर 'बाहा' स्पर्धेसाठीं बांधलेली गाडी शोधावी, हें बरें. डांबरी मैदान मिळणार असेल, तर गाडी घेण्यापूर्वींच आयोजकांना विचारावें कीं, घरीं बांधलेली एकासनी गाडी ते कोणत्या वर्गांत घेतील. कांहीं ठिकाणीं मुळींच घेणार नाहींत. मैदानापर्यंतहि ती टेंपोवर चढवूनच न्यावी लागेल; नोंदणी नसलेलें वाहन रस्त्यावर चालविण्यास १९८८ च्या मोटारवाहन कायद्यानें मनाई आहे.

व्यवहार करतांना महाविद्यालयाकडून लेखी विक्रीपत्र घ्यावें, कारण गाडी मुलांची नव्हे, संस्थेची. आणि तिच्याबरोबर सांगाड्याचे आराखडे, तारांच्या जोडणीचा नकाशा, इंजिनाच्या नियंत्रकांतील नोंदी मागून घ्याव्या. हीं कागदपत्रें बहुधा कोणा एकाच्याच संगणकांत असतात, आणि तो एक आतां पुण्याला किंवा चेन्नईला नोकरींत असतो. त्याला शोधून काढावें. कोणता सांधा घाईनें झाला, कोणता ब्रेक शेवटच्या रात्रीं तिसऱ्यांदा बसविला, हें कोणत्याहि कागदांत लिहिलेलें नसतें. तें त्याला ठाऊक असतें. रिकाम्या मैदानावर गाडी पहिल्यानें फिरवितांना त्यालाच बोलवावें, आणि ब्रेक दाबतांच चारहि चाकें एकदम अडकतात कीं नाहीं, हें त्याच्यासमक्ष पाहावें.