ड्रमातली झाडं आणि चेन्नईचं पाणी

आजचा विषय गच्चीवरचा आहे. अर्धे कापलेले ड्रम, मोठ्या कुंड्या, सिमेंटच्या टाक्या यांत लावलेली झाडं कमी पाण्यात कशी जगवायची, याबद्दल बोलूया. तुम्ही पुण्यात असा, इंदूरला असा नाहीतर बेळगावात, हे तुमच्या उपयोगाचं आहे. पण उदाहरण मी चेन्नईचं घेणार आहे, आणि त्याला कारण आहे.

जून २०१९ मध्ये पूंडी, चोळवरम, रेड हिल्स आणि चेंबरमबाक्कम हे चेन्नईला पाणी देणारे चारही मोठे तलाव जवळजवळ कोरडे पडले. जुलैमध्ये जोलारपेट्टैहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. एका गाडीला ५० वाघिणी आणि त्यांत सुमारे २५ लाख लिटर पाणी. आपल्याला हे चित्र नवं नव्हतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला अशीच गाडी गेली होती. फरक एवढाच की, लातूर कमी पावसाच्या मराठवाड्यात आहे आणि चेन्नईत वर्षाला सरासरी १४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. याच शहरानं डिसेंबर २०१५ मध्ये महापूरही पाहिला होता.

अशा वेळी सोसायटीत पहिलं बोट कुणाकडे जातं? गच्चीवर झाडं लावणाऱ्याकडे. ‘आम्ही टँकरच्या पैशांनी आंघोळ करतो आणि हे मोगऱ्याला पाणी घालतात.’ हे बोलणं लागतं, पण प्रश्न खोटा नाही. त्याला उत्तर हिशोबानं द्यायला हवं.

तर हिशोब मांडू. २०० लिटरचा ड्रम मधोमध कापला की त्याचं तोंड साधारण पाव चौरस मीटर भरतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. समजा, कडक उन्हात दिवसाला ५ मिलिमीटर पाणी उडालं, तर नुसत्या उघड्या मातीतून सव्वा लिटर गेलं. ते झाडाच्या उपयोगी पडलंच नाही. झाड पानांतून जे पाणी सोडतं ते वेगळं. पानांचं पाणी आपण फारसं वाचवू शकत नाही, मातीवरचं नक्की वाचवू शकतो.

म्हणून पहिलं काम आच्छादनाचं. वाळका पालापाचोळा, उसाचं चिपाड, नारळाच्या शेंड्या, जे मिळेल त्याचा चार बोटं जाड थर मातीवर द्या, फक्त खोडाला चिकटवू नका. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवारा’तून आपल्याला हेच शिकवलं, की आपण ज्याला कचरा म्हणतो त्यात झाडाचं अन्नही आहे आणि पांघरूणही. तमिळनाडूत नारळाचा भुसा, म्हणजे कोकोपीट, सहज मिळतो. तो आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरतो. मातीत त्याचा वाटा ठेवा.

दुसरी गोष्ट, पाणी घालायची पद्धत. माती पार वाळली की आक्रसते आणि ड्रमच्या कडेनं फट पडते. वरून बादली ओतली की पाणी त्या फटीतून खाली जातं, तळाच्या भोकातून वाहतं आणि आपण म्हणतो, ‘झाड तृप्त झालं.’ मधली माती कोरडीच असते. त्यापेक्षा आधी तांब्याभर पाणी घाला, दहा मिनिटं थांबा, मग उरलेलं हळूहळू द्या. पाणी देण्याआधी बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली, तर त्या दिवशी पाणी नको. वरचा थर वाळलेला दिसतो, पण मोठ्या कुंडीच्या पोटात ओल असते.

तिसरी गोष्ट मडक्याची. बिनरंगाचं, न भाजून काळं केलेलं साधं मातीचं मडकं गळ्यापर्यंत ड्रममध्ये पुरायचं आणि पाण्यानं भरायचं. माती सुकेल तसं पाणी पाझरतं, ओल असेल तर पाझर मंदावतो. चीनमधल्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीग्रंथात ही रीत सांगितली आहे. चेन्नईत पोंगलच्या सुमाराला बाजारात ‘पानै’ म्हणजे मडकी भरपूर येतात. घेतल्यावर भरून ठेवा, बाहेरून ओलसर झालं तर ते कामाचं. तोंडावर झाकण मात्र घट्ट हवं. उघड्या साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो.

आता पाणी कुठलं द्यायचं? भाज्या आणि तांदूळ धुतलेलं पाणी चांगलं. एसीतून ठिबकणारं पाणी फुलझाडांना द्या, दमट चेन्नईत ते भरपूर निघतं. एका रात्रीत बादली किती भरते ते स्वतः मोजून पाहा. आरओच्या मशीनमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याबाबत सावध राहा. त्यात क्षार एकवटलेले असतात. किनाऱ्याजवळच्या बोअरचं पाणीही बरेचदा मचूळ असतं. जमिनीत क्षार खाली निघून जातात, ड्रममध्ये साठत राहतात. मातीवर पांढरी पापडी दिसली, पानांच्या कडा जळल्या, तर समजा की पाणी वाचवता वाचवता मीठ साठलंय. मग एकदा गोडं पाणी सढळ हातानं द्यावंच लागतं. ती उधळपट्टी नव्हे. ऑक्टोबरात पाऊस सुरू झाला की हे काम त्याच्यावर सोपवा.

आणि सगळ्यात मोठी बचत आहे पंचांगाची. महाराष्ट्रातून गेलेली मंडळी सवयीनं मृगाकडे पाहून पेरतात. चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतो. भाजीचे ड्रम त्या हिशोबानं लावा. मेमधल्या ‘अग्निनक्षत्रम’च्या दिवसांत भाजीचे ड्रम रिकामे राहू द्या. पाणी कढीपत्ता, लिंबू, मोगरा अशा वर्षानुवर्षांच्या झाडांसाठी ठेवा. भाजी पुढच्या हंगामात पुन्हा येते, दहा वर्षांचं लिंबू येत नाही.

शेवटचा आकडा. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर १४०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लाख ४० हजार लिटर पाणी. तमिळनाडूनं २००३ मध्ये पावसाचं पाणी जिरवणं इमारतींना सक्तीचं केलं. तेव्हा गच्चीवर झाडं लावणाऱ्यानंच पुढे होऊन पागोळीचा पाइप, गाळणी आणि शोषखड्डा दर वर्षी पावसाआधी साफ करून घ्यावा. पालापाचोळा तुमच्याच झाडांचा असतो, पाइप तुंबला तर बोलणीही तुम्हालाच बसतील. हे काम केलंत, रोज किती बादल्या लागल्या ते भिंतीवर लिहून ठेवलंत, की सोसायटीच्या बैठकीत मान वर करून बसता येईल.

या आठवड्यात एवढंच करा. एका ड्रमवर आच्छादन घाला, शेजारचा उघडा ठेवा आणि दोघांना लागलेलं पाणी मोजा. काय दिसलं ते आम्हाला कळवा.