माणसं थोडी, मुलूख मोठा



फिनलंडच्या उत्तर भागात, रशियाच्या सीमेला लागून सावुकोस्की नावाची नगरपालिका आहे. कागदावर नगरपालिका, प्रत्यक्षात विरळ वस्तीचा रानमुलूख. क्षेत्रफळ साडेसहा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. आपल्या इंदापूरसारखे चार तालुके त्यात सहज मावतील. माणसं मात्र हजारभर. रेनडिअर पाळायचे, जंगलात काम करायचं, हे तिथलं जुनं जगणं. एवढ्याशा लोकांची निवडून दिलेली परिषद आहे, ती शाळा चालवते आणि उत्पन्नावरचा स्थानिक कर किती टक्के घ्यायचा हेही तीच ठरवते. आरोग्यसेवा 2023 पासून मोठ्या प्रादेशिक यंत्रणेकडे गेली, कारण म्हाताऱ्या होत चाललेल्या वस्तीचा खर्च लहान नगरपालिकांना पेलवेना. तरीही गावाचा कारभार गावाकडेच राहिला.

आपल्याकडे वस्ती लहान असली की आपण तिला शेजारच्या मोठ्या गावाला जोडून गट ग्रामपंचायत करतो. मतं थोडी, म्हणून सदस्य थोडे, म्हणून ठरावात आवाजही थोडा. हे इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही गैर वाटत नाही. मला वाटतं. आणि ते का वाटतं हे सांगायला मी तुम्हाला गडचिरोलीत नेणार आहे.

2011 च्या जनगणनेत पुणे जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला सहाशे माणसं होती, गडचिरोलीत 74. त्या जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा हे गोंड आदिवासींचं गाव आहे. लेखा गावाच्या पंचायतीत होतं, म्हणून लोक मेंढा-लेखा म्हणतात. शंभरेक घरं, पाचशेच्या आत-बाहेर माणसं आणि गावाच्या हद्दीत सुमारे 1800 हेक्टर जंगल. मिलिंद बोकिलांचं 'गोष्ट मेंढा गावाची' तुमच्यापैकी काहींनी वाचलं असेल. देवाजी तोफा हे गावचे पुढारी, आणि मोहन हिराबाई हिरालाल हे बाहेरून येऊन गावाबरोबर शिकत राहिलेले कार्यकर्ते. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा याच गावाची.

घोषणा द्यायला काही लागत नाही. कारभार करायला पद्धत लागते. मेंढ्याने दोन बैठका वेगळ्या ठेवल्या. अभ्यास मंडळात फक्त समजून घ्यायचं: कायदा काय म्हणतो, बांबू किती वर्षांनी तोडावा, मधमाश्या न मारता मध कसा काढावा. तिथे निर्णय होत नाही, आणि बाहेरचा जाणकारही तिथे येऊन बोलू शकतो. निर्णय ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीने. बहुमताने नाही. एकाचाही विरोध असला तर विषय पुढे ढकलायचा, पुन्हा बोलायचं. यात वेळ जातो, हे खरं. पण पाचशे माणसांच्या गावात हरलेला गट तयार होऊ देणं जास्त महागात पडतं. ज्याला जबरदस्तीने गप्प बसवलं तोच उद्या रात्री जंगलात कुऱ्हाड घेऊन जाणार, आणि 1800 हेक्टरवर राखणीला माणसं आणायची कुठून? विरळ वस्तीत एकमत हीच राखण.

2006 चा वनहक्क कायदा आला आणि 2009 मध्ये मेंढ्याला त्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कायद्यात बांबू गौण वनोपज म्हणून स्पष्ट लिहिलेला आहे. तरी वनखातं वाहतूक परवाना देईना. गावाने बांबू तोडायचा, पण हद्दीबाहेर न्यायचा नाही, असा तो हक्क! शेवटी 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले आणि परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडलं. मग ग्रामसभेने स्वतः निविदा काढल्या, स्वतःच्या नावाचं पॅन कार्ड काढलं. जंगलातल्या एका वस्तीची सभा आयकर खात्याच्या नोंदीत आली. मला हे पॅन कार्ड घोषणेहून मोठं वाटतं.

पुढचा टप्पा जमिनीचा. महाराष्ट्राचा 1964 चा ग्रामदान कायदा विनोबांच्या चळवळीतून आला आणि बहुतेक ठिकाणी फायलीतच राहिला. मेंढ्याच्या लोकांनी तो बाहेर काढला. शेती ज्याची तोच कसणार, वारसाही त्याच्याच मुलांना. पण मालकी गावाची, त्यामुळे गावाबाहेर विक्री नाही. 2013 मध्ये राजपत्रात ग्रामदान जाहीर झालं. अशा गावाला स्वतंत्र पंचायतीचे अधिकार द्यावे लागतात. ते मिळवायला उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, आणि 2024 उजाडलं. राज्याच्याच कायद्याची अंमलबजावणी राज्याकडूनच करून घ्यायला पाचशे माणसांच्या गावाला दहा वर्षं भांडावं लागलं, याचा मला राग येतो.

तुम्ही म्हणाल, हे तिकडचं. आपल्याकडे नीरेचं पाणी, ऊस, कारखाना. वालचंद हिराचंदांनी माळावर वालचंदनगर ही उद्योगनगरी उभी केली ती याच भागात. खरं आहे. पण वालचंदनगरहून जवळच कडबनवाडीचा माळ आहे, चिंकारांचा आणि लांडग्यांचा. त्याच्या आसपास मेंढपाळांच्या वाड्या आहेत, विरळ आणि लांब लांब. मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणाकडे निघणारी माणसं ग्रामसभेला हजर कशी राहणार? गायरानावर काय करायचं, झाडं लावायची की सौर पॅनेल, याचा ठराव त्यांच्यामागे होतो. गवत त्यांना हवं असतं, आणि निर्णय बागायतदारांच्या बहुमताने होतो.

1 मेला ग्रामसभा आहे. आपापल्या गावच्या गायरानाचा गट क्रमांक आणि नकाशा तलाठ्याकडून आधी मिळवा. सभेत तो फळ्यावर लावायला सांगा. आणि वाडीवरची माणसं परत आलेली असतील अशी तारीख ठरवून त्या जमिनीवरचा विषय तेव्हाच घ्या, असा ठराव मांडा.