आधी टाके मोजा



माथेरानच्या पायथ्याला, कर्जत-खालापुरात,
पहाटेचा गारठा जाणवू लागला,
की कपाटातली लोकरीची पिशवी आठवते.

आत असतं गेल्या हिवाळ्यातलं अर्धं टोपडं.
बाळंतविड्यासाठी घातलेलं…
सुईवरच राहिलेलं.

सगळं उसवू नका.
आधी टाके मोजा.
मग सुई चालवा.

टाका सुटला असेल,
तर क्रोशाच्या सुईने ओळीओळीने वर उचला.

वर्षभर सुईवर राहिलेली ओळ ताणलेली असते.
तेवढी एकच उसवा,
आणि पुन्हा विणा.
सुई मात्र त्याच नंबरची घ्या.
नाहीतर वीण सैल-घट्ट दिसते.

उसवलेली लोकर कुरळी होते.
तिची लडी करा.
कोमट पाण्यात भिजवा.
सावलीत टांगा.
धागा पुन्हा सरळ होतो.
विणकामातलं हेच मला फार आवडतं…
लोकर वाया जात नाही.

आणि आपला पाऊस केवढा!
दमट हवेत पिशवीला कुबट वास लागतो.
विणकाम आधी वाऱ्यावर ठेवा.

बाळ एव्हाना मोठं झालं असेल?
असू द्या.
टोपडं पुढच्या बाळाला होईल.

पुन्हा सांगते…
आधी टाके मोजा,
मग सुई चालवा.

आज दुपारी ती पिशवी उघडाच.